यंत्र कोणीही घेईल, छिद्र कोण सांभाळणार?

तलासरी तालुक्यातील उधवा हे गाव महाराष्ट्राच्या टोकाला आहे. हद्द ओलांडली की दादरा-नगर हवेली आणि सिल्वासाचे कारखाने. तिकडेच उंबरगाव आणि वापी. अलीकडे डहाणू. केंद्र सरकारने जून १९९१ मध्ये डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला आणि तेथील कारखान्यांवर कडक बंधने आली. या पट्ट्याचे चित्र त्यामुळे असे आहे की माल पलीकडे बनतो, मजूर अलीकडून जातात आणि तयार माल पुन्हा अलीकडच्या दुकानात विकायला येतो.

अशा एखाद्या दुकानात जाऊन फरसाणाची पुडी उलटी करून पाहा. बॅच नंबर, तारीख, किंमत ही अक्षरे ठिपक्याठिपक्यांची दिसतील. तो शिक्का नाही आणि स्क्रीन छपाईही नाही. यंत्राने पुडीला हात न लावता, पट्ट्यावरून पुडी पळत असतानाच ती अक्षरे उडवलेली असतात. इंग्रजीत याला इंकजेट म्हणतात. घरी किंवा दुकानात असलेला छोटा प्रिंटर याच कुळातला, पण कारखान्यातल्या भावंडाची गोष्ट वेगळी आहे. आपल्या समाजात स्क्रीन ओढणारे, बोर्ड रंगवणारे, साडीवर ठसे मारणारे आणि पिशव्या छापणारे बरेच आहेत. या यंत्राचे त्यांच्या रोजीशी सरळ नाते आहे, म्हणून हा विषय आज घेतला आहे.

माझे मत सुरुवातीलाच सांगतो. या धंद्यात गेल्या पन्नास-साठ वर्षांत जितके मोठे शोध लागले, त्यांतले बहुतेक एकाच दुखण्यावरचे औषध आहेत. बारीक छिद्र उघडे कसे ठेवायचे आणि थेंब नेमका जागेवर कसा पाडायचा, हे ते दुखणे. ज्याला ते समजले तो यंत्राचा मालक होतो. ज्याला समजले नाही तो हप्ते भरत बसतो.

शाईची धार हवेत आपोआप तुटून थेंब का होतात, याचे गणित लॉर्ड रॅले यांनी १८७८ मध्ये मांडले होते. स्वीडनच्या रूने एल्मक्विस्ट यांनी हृदयाचे ठोके कागदावर उमटवण्यासाठी शाईची बारीक धार वापरली. त्यांचे पेटंट १९५१ चे. पण खरी कलाटणी दिली ती अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे रिचर्ड स्वीट यांनी, १९६० च्या दशकात. शाई पंपाने दाबून केसाच्या जाडीएवढ्या छिद्रातून बाहेर काढायची. स्फटिकाच्या कंपनाने ती धार सारख्या आकाराच्या थेंबांत तोडायची. प्रत्येक थेंबाला हवा तेवढा विजेचा भार द्यायचा आणि दोन पट्ट्यांच्या मधून जाऊ द्यायचे. भार जास्त असेल तर थेंब जास्त वळतो, कमी असेल तर कमी. ज्याला भारच दिला नाही तो सरळ जाऊन गटरमध्ये पडतो आणि परत टाकीत येतो. सेकंदाला हजारो थेंब असे वाटले जातात. पुडीवरची तारीख आजही याच रीतीने पडते.

या रीतीचा गुण असा की धार कधी थांबतच नाही, म्हणून काम चालू असताना छिद्र सुकत नाही. दोष असा की शाई पटकन वाळावी म्हणून तिच्यात उडून जाणारे द्रावण असते, ते सारखे उडत राहते आणि सारखे भरावे लागते. यंत्राच्या किमतीवर घासाघीस करणारा व्यापारी या द्रावणाच्या बाटलीचा भाव विचारायला विसरतो. विकणाऱ्याची कमाई तर तिथेच आहे!

दुसरी वाट अशी की धार वाहती ठेवायची नाही, थेंब हवा तेव्हाच सोडायचा. तिच्या दोन शाखा झाल्या. १९७७ मध्ये जपानच्या कॅनन कंपनीत तापलेली सोल्डरिंगची कांडी चुकून शाई भरलेल्या सुईला लागली आणि टोकातून शाई उडाली. त्यातून उष्णतेने बुडबुडा करून थेंब ढकलण्याची युक्ती निघाली. त्याच सुमारास अमेरिकेत ह्यूलेट पॅकार्डमध्येही ती स्वतंत्रपणे सापडली आणि १९८४ मध्ये त्यांचा थिंकजेट प्रिंटर बाजारात आला. दुसऱ्या शाखेत वीज दिली की आकार बदलणारा खास स्फटिक शाईची नळी दाबतो. याला पिएझो म्हणतात. यात शाई तापवावी लागत नाही, म्हणून हर तऱ्हेची शाई चालते. कापड, फरशी, काच, फ्लेक्स यांवरची मोठी छपाई मुख्यतः या शाखेची आहे.

बुडबुड्याच्या शाखेतली एक गोष्ट छोट्या माणसाच्या फार उपयोगाची आहे आणि तिच्याकडे आपले लक्ष गेलेले नाही. त्या कंपनीने शाईची डबी आणि छिद्रांचे हेड एकाच तुकड्यात बसवले. शाई संपली की हेडसकट डबी फेकून द्यायची. म्हणजे छिद्र बुजण्याची चिंता एका डबीपुरतीच! नव्वदच्या दशकातली तशी डबी आज हातात धरून चालवण्याच्या छोट्या यंत्रांत बसते. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या चिकूच्या चकत्या, लोणची, मसाले अशा घरगुती मालाची पाकिटे भरणाऱ्याला दिवसाला दोन-चारशे पाकिटांवर तारीख टाकायची असते. २०११ च्या आवेष्टित वस्तू नियमांप्रमाणे पाकिटावर किंमत, वजन आणि तयार केल्याचा महिना-वर्ष लागतेच. रबरी शिक्क्याची शाई पुसली गेली की निरीक्षकासमोर उत्तर देता देता घाम फुटतो. अशा माणसाने लाखांचे वाहत्या धारेचे यंत्र घेऊ नये, हातातले छोटे घ्यावे. मात्र ते नमुन्याच्या कोऱ्या कागदावर तपासू नये. आपलेच पाकीट, आपल्याच तेलकट हाताने भरलेले, दुकानदाराला द्यावे, त्यावर छापून घ्यावे आणि अंगठ्याने चोळून पाहावे. पाण्याची शाई प्लास्टिकवर धरत नाही, त्यासाठी द्रावणाची डबी वेगळी मिळते.

पिएझोच्या शाखेतला मला सर्वांत मोठा वाटणारा शोध फरशीच्या धंद्यात झाला. फरशीच्या शाईत दळलेले रंगीत दगडी चूर्ण असते. ते जड असल्याने खाली बसते आणि छिद्र बुजवते. इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या झार कंपनीने २००७ मध्ये असे हेड आणले की त्यात शाई छिद्राच्या मागून सतत वाहती राहते. गाळ बसत नाही आणि हवेचा बुडबुडा अडकला तरी वाहून जातो. युक्ती म्हणाल तर एवढीच. पण तिने फरशीच्या छपाईतले जुने रूळ मागे पाडले आणि गुजरातेत मोरबीच्या भट्ट्यांतून संगमरवराची हुबेहूब नक्कल निघू लागली. पांढऱ्या शाईचे दुखणेही तेच. तिच्यातला रंगाचा कण जड असतो, तळाशी बसतो. काळ्या टी-शर्टवर छापणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

कापडाचे पाहू. रोटरी छपाईत दहा रंगांना दहा स्क्रीन लागतात. स्क्रीनचा खर्च वसूल व्हायचा तर हजारो मीटरची ऑर्डर पाहिजे. इंकजेटला स्क्रीनच नाही, म्हणून एक मीटर काय आणि शंभर मीटर काय, मीटरमागे खर्च जवळपास तोच. फक्त वेग कमी होता. २०११ मध्ये इटलीच्या एका कंपनीने कापडाच्या पूर्ण पन्ह्यावर हेडांची स्थिर रांग लावून तेही कोडे सोडवले. कापड खालून मिनिटाला पन्नास मीटरहून जास्त वेगाने धावते आणि एका फेरीत छापून निघते. सुरतेने डिजिटल छपाई झपाट्याने उचलली. भिवंडी-मालेगावच्या आपल्या भावांनी तिकडे जाऊन एकदा ती पाहून यावी.

मग आपल्या स्क्रीनवाल्याचे काय? येथे मला उर्दू वर्तमानपत्रांचे कातिब आठवतात. १९९४ मध्ये इनपेज आले आणि काही वर्षांत बोरू-शाईचे काम सरले. काही कातिब घरी बसले, काही संगणकावर बसले. जे संगणकावर बसले, त्यांना अक्षर कुठे फुगले आणि कुठे चेपले हे नव्या मुलांपेक्षा आधी दिसत होते. रंगाऱ्याच्या बाबतीतही तसेच आहे. कापड किती शाई पिते, खळ किती घट्ट हवी, पावसाळ्यात रंग का फुटतो, हे यंत्र विकणाऱ्याच्या माणसाला माहीत नसते. रिअ‍ॅक्टिव्ह शाईने छापायचे तर कापडाला आधी सोडा, युरिया आणि खळ लावावी लागते, नंतर वाफ आणि धुलाई. हे सारे जुन्या रंगाऱ्याचे ज्ञान आहे. पिगमेंट शाईला वाफ-धुलाई लागत नाही, पाणीही कमी लागते. जेथे सांडपाण्याची कडक विचारणा होते, त्या डहाणूच्या बाजूला हा मुद्दा महत्त्वाचा आहे.

मी स्वतः काही वर्षे स्क्रीन ओढली आहे. पुढे एका विक्रेत्याच्या गोड बोलण्यावर जुने डिजिटल यंत्र घेतले. ऑर्डरी आठवड्यातून दोन दिवस. उरलेले पाच दिवस यंत्र बंद, त्यात विजेचा लपंडाव. दोन महिन्यांत निम्मी छिद्रे बुजली. नवे हेड मागवले तेव्हा कळले की हेडाची किंमत यंत्राच्या किमतीच्या जवळ जाते आणि हेड वॉरंटीत धरलेच नाही. कागदावर बारीक अक्षरात ते लिहिलेले होते, मी वाचले नव्हते. दोष विक्रेत्याचा किती आणि माझा किती, हा हिशेब मी अजून मिटवलेला नाही.

म्हणून यंत्र पाहायला जाल तेव्हा छापलेले चित्र पाहून भुलू नका. हेड कोणते, नवे की वापरलेले, त्याचा आजचा भाव काय, ते बिघडले तर माणूस कुठून येणार आणि किती दिवसांत, हे विचारा. उधव्याला मुंबईहून माणूस यायचा तर त्याचा दिवस आणि तुमचे दोन दिवस गेले. रोज थोडे तरी छापण्याइतके काम नसेल तर यंत्र न घेता बाहेरून छापून आणा. काम असेल पण पैसा नसेल तर चढ्या व्याजाच्या हप्त्यापेक्षा तिघांनी भागीदारी करा. तिघांचे काम एकत्र आले की यंत्र रोज चालते आणि छिद्रही सुकत नाही.

एक सावधगिरीचा मुद्दा या भागासाठी खास. हा वारली चित्रांचा मुलूख आहे. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते गेले. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही आहे. इंकजेटमुळे हाताने काढलेल्या चित्राचा फोटो घेऊन दुसऱ्याच दिवशी शंभर पिशव्या छापता येतात. ज्याने चित्र काढले त्याला न विचारता, पैसे न देता छापणे ही चोरी आहे, आणि छापील माल 'हाताने काढलेला' म्हणून विकणे हा मालाचा दोष लपवणे आहे. आपल्या व्यापाऱ्याला यातले हलाल काय आणि हराम काय, हे मी सांगायला नको. चित्रकाराशी लेखी बोली करा, पिशवीवर 'छापील' असे लिहा. थोडा भाव कमी येईल, येऊ द्या.

भारतात पेटंटची मुदत वीस वर्षांची आहे. बुडबुड्याच्या आणि पिएझोच्या पहिल्या युक्त्यांची पेटंटे केव्हाच संपली, यंत्रे स्वस्त होण्याचे तेही एक कारण. म्हणजे जुना शोध आता सर्वांचा आहे आणि नव्याला जागा आहे. हेड न उघडता साफ करण्याची सोपी पिचकारी, दमट हवेत टिकणारी खळ, वीज गेली की छिद्रांवर आपोआप बसणारे झाकण, असे काही आपल्या एखाद्या पोराला सुचले तर त्याने ते विक्रेत्याला फुकट सांगून टाकू नये. पेटंटचे कार्यालय मुंबईत अँटॉप हिल येथे आहे आणि एकट्या माणसाला फी कंपनीपेक्षा कमी पडते. अर्ज मात्र युक्ती बाजारात दाखवण्याआधी करावा लागतो.

ज्यांचा विचार पक्का झाला आहे त्यांना माझी एकच अट आहे. घरातल्या एका मुलाला तीन महिने सुरतेला किंवा भिवंडीला चालू कारखान्यात हेल्पर म्हणून ठेवा, पगार मिळो न मिळो. परत आल्यावर हेड काढून, धुऊन, पुन्हा बसवून त्याने सर्व छिद्रांची सरळ रेघ छापून दाखवावी. रेघ तुटली तर बयाणा देऊ नका.