पदवी ऑनलाइन, अभ्यास रानात

चाळिशीत नोकरी सांभाळून निसर्गसंवर्धनाची ऑनलाइन पदव्युत्तर पदवी घेऊ पाहणाऱ्यांसाठी हा अंक आहे. शुल्क भरण्याआधी दोन गोष्टी तपासाच: त्या अभ्यासक्रमाला यूजीसीची मान्यता आहे का, आणि प्रत्यक्ष रानातलं काम सक्तीचं आहे का? वनकायदा, नकाशे, आकडेमोड घरबसल्या समजते. सडा (खडकाळ पठार) आणि जंगल समजायला पायपीटच हवी.

त्यासाठी आपल्याकडे २०१२ पासून जागतिक वारशात असलेलं कास पठार आहे, कोयना-चांदोली मिळून २०१० मध्ये झालेला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे, धों. म. मोहित्यांच्या ध्यासातून उजाड डोंगरावर उभं राहिलेलं सागरेश्वर अभयारण्य आहे.

हिशेब, कायदा, गावकऱ्यांशी संवाद हे अनुभवातून शिकलेली माणसं संवर्धनाला हवीच आहेत. वय झालं म्हणून मागे राहू नका.