फॉर्म राहू द्या, आधी ऐका!

प्रोजेक्टची तारीख जवळ आली की आपण काय करतो? गुगल फॉर्म बनवतो, ग्रुपवर टाकतो, ‘प्लीज भरा ना यार’ म्हणतो. पन्नास उत्तरं आली, पाय चार्ट काढला, झालं संशोधन! पण नोकरी किती जणांची गेली हे फॉर्म सांगेल; त्या रात्री घरी काय बोलणं झालं, हे नाही सांगणार.

नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी मुंबईच्या गिरणगावातल्या माणसांना बोलतं केलं, २००४ मध्ये त्याचं पुस्तक आलं. आपल्या आकुर्डीत बजाजच्या कारखान्यातलं उत्पादन २००७ मध्ये थांबलं. तिथे पाळ्या केलेले काका आजही कट्ट्यावर भेटतील. त्यांच्याकडे कोण जातंय?

तुम्ही जा. आधी परवानगी घ्या, रेकॉर्डिंग विचारूनच सुरू करा. ‘त्रास झाला का?’ विचाराल तर ‘हो’ म्हणून विषय संपेल. ‘काका, शेवटच्या पाळीचा दिवस सांगा ना,’ म्हणा आणि गप्प बसा.

लिहिताना त्यांच्या बोलण्याला इस्त्री करू नका. आणि आज कंत्राटावर असलेल्या कामगाराचं नुसतं नाव बदलून भागत नाही. खातं, पाळी, गाव एकत्र लिहिलंत की सुपरवायझर बरोबर ओळखतो. तुम्हाला मार्क मिळतात, त्याची नोकरी जाऊ शकते.

म्हणून सबमिट करण्याआधी लिहिलेलं त्यांना वाचून दाखवा. ‘हे नको’ म्हणाले, तर खोडा. मार्क गेले तरी चालतील.