‘यादी आली’च्या लिंकवर क्लिक करण्याआधी

‘अतिवृष्टी अनुदानाची यादी आली, लगेच नाव बघा’ असा मेसेज गावच्या ग्रुपवर पडतो. खाली एक आखूड लिंक. सप्टेंबर २०२५ च्या पावसात पीक गेलेला शेतकरी ती दाबणार नाही तर काय करणार?

पण यादी उघडत नाही. आधी पंधरा सेकंद थांबायचे, मग ‘मी रोबोट नाही’वर टिक, मग दुसरे पान आणि पुन्हा थांबायचे. मध्ये ‘डाउनलोड’ची मोठाली बटणे, त्यातली बहुतेक जाहिरातीच. अशा प्रत्येक भेटीमागे लिंक बनवणाऱ्याला पैसे मिळतात. यादी खरी असो की नसो, त्याचे काम झालेले असते.

आखूड लिंक मुळात वाईट नाही. ‘टायनीयूआरएल’ २००२ पासून लांबलचक पत्ते लहान करून देते. अडचण ही, की खरा पत्ता झाकला जातो. ‘बिटली’च्या लिंकच्या शेवटी + हे चिन्ह जोडले तर ती कुठे नेणार ते आधी दिसते. जाहिरातवाल्या लिंकांकडून ही अपेक्षा नको. तिथे टॅब बंद करणे हाच सरळ मार्ग.

‘अलाऊ’ मात्र दाबू नका. नंतर दिवसभर ‘फोनमध्ये व्हायरस’ची नोटिफिकेशन येत राहतात. दाबले असेलच, तर क्रोमच्या ‘साइट सेटिंग्ज’मध्ये ‘नोटिफिकेशन्स’ उघडून त्या साइटची परवानगी काढा. खरा धोका एपीके फाइलचा. यादी बघायला असे ॲप लागत नाही. त्याला एसएमएस वाचू दिले, की बँकेचा ओटीपी चोराच्या हाती. टाकलेच गेले असेल तर फोनचे इंटरनेट बंद करून दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि १९३० ला लगेच कळवा.

बीडमधून ऊसतोडीला गेलेल्या कित्येक कुटुंबांत फोन एकच. लाडकी बहीणच्या १५०० रुपयांचा मेसेज त्यावरच, मुलांचा अभ्यासही त्यावरच. फडावरून तलाठी गाठणे होत नाही, म्हणून लिंकवर भिस्त. त्यांनी एवढे बघावे: पत्त्यातल्या पहिल्या तिरप्या रेघेच्या अगदी आधी ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ आहे का?

सगळा भार लोकांवर टाकूनही चालणार नाही. सरकारी संकेतस्थळ ऐनवेळी उघडत नाही, तेव्हाच ग्रुपवरच्या लिंकला गिऱ्हाईक मिळते. महसूल विभागाने अनुदानाची यादी आणि खरा पत्ता प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. त्या फलकाचा फोटो फडावरही पोहोचतो.