एकाच बाजूचे भिडू

आमच्या कट्ट्यावर या आठवड्यात राजकारण सोडून पत्त्यांवरून जुंपली, हीच मोठी बातमी! निमित्त ‘द क्रू’. थॉमस सिंग यांनी रचलेला हा खेळ २०१९ साली जर्मनीत आला आणि पुढच्याच वर्षी तिथला जाणकार खेळाडूंसाठीचा मानाचा पुरस्कार घेऊन गेला. खोक्यावर अंतराळ, पण आत सगळा जुनाच संसार: चार रंगांची एक ते नऊ पानं, उतारी, हातात असेल तर त्याच रंगाचं पान टाकायची सक्ती आणि कायमचा हुकूम म्हणून चार रॉकेटं. फरक एवढाच, की सगळे भिडू एकाच बाजूचे. अमुक पान अमक्यानेच केलेल्या हातात आलं पाहिजे, अशी कामगिरी मिळून पार पाडायची, आणि बोलायला मनाई! एका डावात एकदाच, एक पान उघडं ठेवून ते आपलं त्या रंगातलं सर्वांत मोठं, सर्वांत लहान की एकुलतं एक, एवढं दाखवता येतं. कट्ट्यावरच्या अण्णांना हे मुळीच पटलं नाही. ज्यात कुणावर कोट चढवता येत नाही, तो कसला डाव? तरुण मंडळी म्हणतात, पन्नास मोहिमा आहेत, भांडण नाही, आणखी काय हवं? दोन्ही पक्ष साफ चुकताहेत. भांडण इथेही होतंच, फक्त डाव बुडाल्यावर आणि आपल्याच भिडूशी. (मेंढीकोटात भुवया उडवून खुणा करणाऱ्यांचे इथे फार हाल होतात, हे वेगळंच सुख.) मेंढीकोटानंतर इतका अस्सल पत्त्यांचा डाव मी पाहिलेला नाही. अण्णा, ती रॉकेटं विसरा आणि उतारी करा.