चालताबोलता

आमची आजी संध्याकाळी देवापाशी दिवा लावला की हात जोडून एकच मागणे मागे. 'देवा, चालतीबोलती असताना ने रे बाबा.' आम्ही पोरे मागे बसून परवचा म्हणत असू, आणि हे ऐकून एकमेकांना कोपराने ढोसत असू. चालणारे माणूस बोलणारच, त्यात देवाकडे मागायचे काय, असे आम्हांला वाटे. मराठीने हे दोन शब्द असे घट्ट का बांधले असतील, याचा विचार मी पुढे पंचेचाळीस वर्षे केला नाही. तो करण्याची पाळी यंदा आषाढात आली, आणि तीही माझ्याच तोंडामुळे.

त्याचे असे झाले. चैत्रात अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, अंगावरून वारे गेले. डावी बाजू लुळी पडली. वय अठ्ठ्याहत्तर. रेल्वेच्या हिशेबखात्यात छत्तीस वर्षे काढलेली, आणि निवृत्तीनंतर रोज पहाटे ठाण्याच्या तलावपाळीला दोन फेऱ्या, पाऊस असो की थंडी. डॉक्टरांनी जीव वाचवला, वाचा शाबूत राहिली, आणि तीन आठवड्यांनी अण्णा चाकाच्या खुर्चीतून घरी आले.

घरात जो तो सेवेला लागला. पाणी ओठांशी, ताट मांडीवर, वर्तमानपत्र घडी मोडून हातात. आईने तर देवघरातली घंटा त्यांच्या उशाशी आणून ठेवली. ती वाजली की चौघे चार दिशांनी धावत. शेजारीपाजारी म्हणत, 'सेवा असावी तर अशी!' आणि आम्हांलाही ते ऐकून बरे वाटे, हे कबूल केले पाहिजे.

मग फिजिओथेरपिस्ट बाई येऊ लागल्या. बाई कसल्या, तिशीच्या आतली सातारची मुलगी. तिने पहिल्या दिवशी ती घंटा उचलून पुन्हा देवघरात ठेवली आणि पाण्याचा तांब्या खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या टेबलावर नेला. 'आजोबांनी पाणी मागितलं तर हातात द्यायचं नाही. मी त्यांना उठून घ्यायला शिकवणार आहे.' आईला ते इतके लागले की दोन दिवस ती त्या मुलीशी धड बोलली नाही. आल्यागेल्याला पाणी देणाऱ्या बाईने नवऱ्याला पाणी नाकारायचे!

पण त्या मुलीचे म्हणणे खोटे नव्हते. अर्धांगवायूत बिघाड पायात नसतो, मेंदूत असतो. मेंदूचा जो भाग गेला तो गेला. पण उरलेला भाग काही कामे नव्याने शिकू शकतो, आणि शिकतो तो घोकंपट्टीने. एकदा, शंभरदा, हजारदा. तेलाने अंग चोळून घेतले तर बरे वाटते, त्यात वावगे काही नाही. परंतु चालायला शिकवते ते चालणेच. आम्ही हातात दिलेला प्रत्येक पेला म्हणजे अण्णांचा बुडवलेला एक धडा होता.

हे मनाशी पटते न पटते तोच माझ्या धाकट्या भावाने अमेरिकेहून एक चित्रफीत पाठवली. रोगी पट्ट्यांनी छताला टांगलेला आणि पायाखाली सरकता पट्टा. 'दादा, पैशाकडे पाहू नकोस, अण्णांना अशा ठिकाणी घेऊन जा,' असा निरोप. मी चौकशीला लागलो, तेव्हा कळले की या यंत्राची कसोटी अमेरिकेतच लागून गेली आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत अर्धांगवायूचे ४०८ रोगी होते. काहींना यंत्रावर चालवले, तर काहींकडे घरी जाऊन प्रशिक्षित माणसाने बळाचे आणि तोलाचे साधे व्यायाम करून घेतले. वर्षाअखेर एकूण ५२ टक्के रोग्यांच्या चालण्यात चांगली सुधारणा दिसली, आणि यंत्रवाल्यांत व घरवाल्यांत फरक म्हणाल तर काहीच नाही!

मध्यमवर्गीय माणसाला असे काही वाचायला मिळाले की तो त्यातून आपल्या सोयीचा अर्थ काढतो. मी म्हटले, घर जर यंत्राच्या तोडीचे, तर मग बाई तरी कशाला? व्यायाम आता आम्हां सर्वांना पाठ झाले होते. ज्येष्ठाच्या शेवटी मी त्या मुलीला नम्रपणे सांगितले की पुढचे आम्ही पाहू. ती एवढेच म्हणाली, 'काका, आठवड्यातून एकदा तरी येऊ द्या.' मी हो म्हटले आणि बोलावले नाही. महिन्याकाठी बऱ्यापैकी रक्कम वाचली.

आषाढातली ती सकाळ. अण्णा चार पायांची काठी टेकीत टेबलाकडे निघाले होते. मी स्वयंपाकघरातून, पाठमोऱ्या अण्णांना, मोठ्याने विचारले, 'अण्णा, गॅसचं पुस्तक कुठे ठेवलंय?'

छत्तीस वर्षे विचारल्या प्रश्नाला उत्तर देण्यात गेलेला माणूस. अण्णा उत्तर द्यायला वळले, आणि पडले.

हाड मोडले नाही. मनगट सुजले. पण त्यानंतर बारा दिवस अण्णा पलंगावरून उठले नाहीत. उठवायला गेले की म्हणत, 'आज नको.' पडण्यापेक्षा पडण्याची ही भीती वाईट. तीमुळे माणूस बसून राहतो, बसून पाय आणखी दुबळे होतात, आणि दुबळ्या पायांनी पुन्हा पडतो. मी त्या मुलीला फोन केला. ती आली, काही बोलली नाही, अण्णांचे मनगट पाहिले आणि मला विचारले, 'पडले तेव्हा कोणी त्यांच्याशी बोलत होतं का?'

मला घाम फुटला. हिला कसे कळले?

तिने मला स्वीडनमधल्या उमेओ गावची गोष्ट सांगितली. तिथल्या संशोधकांनी वृद्धांच्या निवासातल्या ५८ जणांबरोबर चालता चालता सहज गप्पा सुरू केल्या. कोण चालत राहतो आणि कोण उत्तर देण्यासाठी थांबतो, एवढेच पाहायचे. बारा जण थांबले. त्या बारांपैकी दहा जण पुढल्या सहा महिन्यांत पडले. न थांबलेल्या ४६ जणांतले अकरा पडले. १९९७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रात हे छापून आले. ना यंत्र, ना रक्ततपासणी. दोन शब्द बोलायचे आणि पाय पाहायचे.

कारण असे की तुमचेआमचे चालणे आपोआप होते, त्यात लक्ष खर्च होत नाही. आजाराने किंवा वयाने ते आपोआपपण जाते, आणि प्रत्येक पाऊल लक्ष घालून टाकावे लागते. लक्ष तर एकच. अण्णांनी हे लगेच आपल्या भाषेत आणले. 'म्हणजे खात्यात शिल्लक एका चेकपुरती, आणि तू दुसरा चेक लावलास!' त्यातून वळणे हे सरळ चालण्याहून कठीण. डोळे, कानाच्या आतले तोलाचे इंद्रिय आणि तळव्यांची जाणीव, या तिघांच्या साक्षी जुळवून मेंदू तोल राखतो. म्हणून तर एकोणिसाव्या शतकात बर्लिनच्या डॉक्टर रोम्बर्ग यांनी रोग्याला पाय जुळवून डोळे मिटायला सांगण्याची परीक्षा घालून दिली. एक साक्षीदार उठवला की उरलेल्या दोघांचे पितळ उघडे पडते. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की म्हातारी माणसे मोरीत का लडबडतात, तेही मला तेव्हा उमगले. आमच्या न्हाणीत दुसऱ्याच दिवशी भिंतीला दांडा बसला.

आणि घरच्या घरी करण्याच्या माझ्या हुशारीचे काय? त्याचीही पाहणी होऊन गेली होती, आणि तीही आपल्याच देशात. भारतातल्या १४ रुग्णालयांत १,२५० रोगी घेऊन, एका गटाच्या घरच्या माणसांना व्यायामाचे शिक्षण दिले, दुसऱ्या गटाला नेहमीचे उपचार. २०१७ साली निष्कर्ष आला: सहा महिन्यांनी दोन्ही गटांत शेकडा ४७ जण एक तर गेलेले किंवा परावलंबी. माया होती, मेहनत होती, फरक पडला नाही. अमेरिकेतले ते 'घर' म्हणजे नुसती जागा होती, तिथे शिकवायला जाणकार माणूस जात होते, हे वाचताना मी सोयीस्कर विसरलो होतो. वाचवलेल्या रकमेचा आकडा मी अजून कोणाला सांगितलेला नाही.

आता नियम असा झाला, की अण्णा उभे असताना घरात कोणी त्यांच्याशी बोलायचे नाही. नातवालासुद्धा सक्त ताकीद. त्या मुलीने खडूने खुर्चीपासून तीन मीटरवर रेघ मारली: उठायचे, रेघेपर्यंत जायचे, वळायचे, परत येऊन बसायचे, आणि किती सेकंद लागले ते मोजायचे. १९९१ साली कॅनडातल्या दोघा संशोधकांनी ही कसोटी मांडली आणि आज ती जगभर चालते. अण्णांनी तिच्यासाठी वहीच घातली, तारीखवार. श्रावणात ५२ सेकंद, भाद्रपदाच्या अखेरीस ३१. एके दिवशी आकडा वाढला, तर खाली शेरा: 'पायांची चूक नाही, सपाता बदलल्या.'

मौन कायमचे मात्र नव्हते. 'तलावपाळीला जायचंय ना? रस्ता काही गप्प बसणार नाही,' असे म्हणून आश्विनात ती मुलगी स्वतःच अण्णांशी बोलू लागली. चालता चालता रोग्यांना तीन-तीन वजा करायला लावतात म्हणे. अण्णांना ते फार पोरकट वाटले. ते म्हणाले, 'मी औटकी म्हणतो.' साडेतीनचा पाढा! त्या मुलीने तो कधी ऐकलाच नव्हता. चूक-बरोबर पाहायला तिला मोबाइल काढावा लागला.

परवा संध्याकाळी अण्णा असे खुर्चीतून उठून निघाले. औटकी सुरू. साडेतीन, सात, साडेदहा. रेघेपर्यंत ठीक. वळताना सहावर होते, एकवीस. सातावर मात्र तोंड थांबले, पाय चालत राहिले. आई देवघराच्या दारात पदर तोंडाशी धरून उभी. आम्ही कोणी श्वासही घेत नव्हतो. अण्णा हळूहळू खुर्चीपाशी आले, हाताने तिचा दांडा चाचपला, बसले.

'साडेचोवीस,' ते म्हणाले.

मग माझ्याकडे पाहून, 'आणि गॅसचं पुस्तक कपाटाच्या वरच्या खणात आहे. आषाढात विचारलं होतंस.'