विमान बांधले, पुढे काय?

यंदाच्या विज्ञान प्रदर्शनात विमानांची गर्दी होती. थर्माकोलची, पुठ्ठ्याची, बॅटरीवर पंखा फिरवणारी. पाहुण्यांनी कौतुक केले, बक्षिसे वाटली गेली आणि तिसऱ्या दिवशी सारी विमाने प्रयोगशाळेच्या माळ्यावर जाऊन बसली. मागच्या वर्षीची तिथेच होती. एकाचा पंखा गळून पडला होता, दुसऱ्याची बॅटरी पाझरून तारा हिरव्या झाल्या होत्या. ती पाहून आमच्या मनात जे आले, ते पालक आणि विद्यार्थी मित्रांपुढे मांडतो.

घरी विमान बांधणारा मराठी माणूस म्हटले की कॅप्टन अमोल यादव यांचे नाव निघते, आणि ते योग्यच आहे. कांदिवलीला घराच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान उभे केले. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी ते पाहिले. नोंदणी मिळायला २०१७ चा नोव्हेंबर उजाडला आणि उड्डाणाचा परवाना २०१९ च्या ऑक्टोबरात आला. आमची मुले ही गोष्ट गच्चीपर्यंत सांगतात आणि थांबतात. त्यापुढची कागदपत्रांची, तपासण्यांची, पुन्हा पुन्हा उघडून पाहण्याची वर्षे कोणी सांगत नाही.

दुसरी गोष्ट सांगणे कठीण आहे, तरी सांगतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगी गावात वेल्डिंगचे काम जाणणाऱ्या एका तरुणाने मारुती गाडीचे इंजिन बसवून हेलिकॉप्टर तयार केले. ऑगस्ट २०२१ मध्ये चाचणी चालू असताना मागच्या पंख्याचे पाते तुटून मुख्य पंख्यावर आदळले आणि तो पंखा त्याच्या डोक्याला लागला. वय अवघे चोवीस. हुशारी कमी होती असे कोण म्हणेल? पण पात्याला चीर गेली आहे का, हे त्या दिवशी त्याच्याखेरीज आणखी कोणी पाहायला हवे होते. आपल्या भागातही उद्यमबागेत, निपाणीच्या गॅरेजांत असे हात पुष्कळ आहेत. म्हणून हा विषय आम्हांला लांबचा वाटत नाही.

देखभाल म्हणजे काय? लहान विमानाच्या टाकीतून उड्डाणापूर्वी थोडे पेट्रोल काचेच्या भांड्यात काढून पाहतात. अर्धी रिकामी टाकी रात्रभर राहिली तर आतल्या हवेतल्या ओलाव्याचे पाणी होते आणि जड असल्याने तळाशी साचते. बेळगावच्या पावसाळ्यात राहणाऱ्याला ओलाव्याविषयी वेगळे सांगायला नको. बहुतेक जुन्या धाटणीच्या विमान-इंजिनांत प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग असतात, दोन वेगळ्या मॅग्नेटोंवर चालणारे. उडण्यापूर्वी एक एक बंद करून इंजिनचा वेग किती उतरतो ते पाहायचे. तेल बदलताना जुना फिल्टर कापून, कागद उलगडून त्यात धातूचा कीस चमकतो का ते बघायचे. आपले जाणते मिस्त्री तेल बोटांत चोळून हेच करतात.

आणि कुंभारीण माशी! दाराच्या चौकटीत चिखलाचे घर बांधणारी. वेग मोजण्यासाठी विमानाच्या बाहेर एक बारीक नळी असते, तिचे तोंड या माशीला फार आवडते. नळी बुजली की वेगदर्शक काटा खोटे बोलू लागतो. १९९६ साली डॉमिनिकन प्रजासत्ताकात एक बोइंग विमान समुद्रात कोसळून १८९ माणसे गेली. अशाच माशीने ती नळी बुजवली असावी, असा तपासातला अंदाज होता. उभ्या विमानाच्या नळीवर लाल फडके बांधलेली टोपी घालतात ती याचसाठी. दोन रुपयांचे फडके.

घरी बांधलेल्या विमानाबाबत अमेरिकेत एक सोय आहे. ज्याने ते बांधले त्यालाच अर्ज करून दरवर्षीच्या तपासणीवर सही करण्याचा अधिकार मिळू शकतो, कारण प्रत्येक रिबिट त्याच्या हातची. हे पटते, पण अर्धेच. आपल्या हाताची चूक आपल्याच डोळ्यांना दिसत नाही. शुद्धलेखन तपासणाऱ्या कोणत्याही बाईंना विचारा. म्हणून सुकाणूच्या दोऱ्या जोडल्यावर दुसऱ्या जाणत्याने स्वतंत्रपणे तपासावे, हा विमानशाळांतला जुना दंडक आम्हांला जास्त मोलाचा वाटतो. 'जुगाड' शब्दाचे आपल्याकडे जे कौतुक चालते, ते शेतातल्या पंपापुरते ठीक. पंप बंद पडला तर पाणी थांबते.

खंडेनवमीला आपण हत्यारे धुतो, तेल लावतो, झेंडू वाहतो. उरलेल्या ३६४ दिवसांची वही मात्र ठेवत नाही. विमानाच्या वहीत किती तास उडाले, काय बदलले, कोणी बदलले हे सारे सहीनिशी असते. चूक झाली तर तीही. लपवलेली चूक पुढच्या माणसाच्या जिवावर येते.

हे शिक्षण आपल्या मुलांना अशक्य नाही. बारावीला भौतिक, रसायन, गणित घेतलेल्याला किंवा अभियांत्रिकी पदविकाधारकाला विमान देखभालीचा अभ्यासक्रम खुला असतो. सांबऱ्याचा विमानतळ दाराशी आहे, हत्तरगीला एअरबससाठी सुटे भाग घडतात. परीक्षा इंग्रजीत असते ही अडचण खरी, पण वहीत नीट नोंद करण्याची सवय मराठीतूनच लागते आणि ती सातवी-आठवीत लागलेली बरी.

म्हणून आमचा आग्रह असा. पुढच्या प्रदर्शनात नव्या प्रतिकृतींसोबत यंदाचीच प्रतिकृती चालू अवस्थेत आणणाऱ्यांसाठी वेगळा गट असावा, आणि त्यात निम्मे गुण वहीला असावेत. प्रत्येक दुरुस्तीवर वर्गातल्या दुसऱ्या विद्यार्थ्याची सही हवी. खरे इंजिन जोडण्याचा बेत असेल त्याने आधी शिक्षकांना आणि एखाद्या जाणत्या मिस्त्रींना बोलावून दाखवावे. गुपचूप परसात चालू करू नये. माळ्यावरची विमाने शनिवारी खाली काढत आहोत. ज्याची त्याने ओळखून घेऊन जावीत. वह्या आम्ही देऊ.