स्टेटस आणि धडधड

७ जून २०२३ ला कोल्हापुरात मोबाइल स्टेटसवरून बंद, दगडफेक, लाठीमार झाला, इंटरनेटही तोडलं. शहर लवकर सावरलं. मंगळवार पेठेतला आमचा एक दोस्त मात्र आजही स्टेटस टाकताना चारदा विचार करतो, रात्री दचकून उठतो.

धोका दिसला की शरीर अ‍ॅड्रेनॅलिन, कॉर्टिसॉल सोडतं; ठोके, रक्तदाब, साखर वाढते. पळायचं असेल तर ते कामाचंच. पण धोका खिशातल्या मोबाइलमध्ये असेल तर पळणार कुठे? महिनोन्‌महिने हे चाललं की झोप जाते, पोट बिघडतं, रक्तदाब वाढलेलाच राहतो.

घरचे म्हणतात, नजर लागली. कुणी म्हणतं, इमान कमजोर! ते साफ चूक. दुआ कराच, सोबत टेलिमानसला १४४१६ वर फोनही लावा. मराठीत बोलतात, मोफत, रात्री दोनलाही.